तिरप्या वळणावर स्वतःची गाडी: पहिल्या ओव्हल ट्रॅक डेची सविस्तर तयारी

ओव्हल म्हणजे शर्यतींचा लंबगोल ट्रॅक, आणि ट्रॅक डे म्हणजे हौशी चालकांनी अशा ट्रॅकवर स्वतःची गाडी वेगात चालवायचा दिवस. अमेरिकेतल्या डेटोना इंटरनॅशनल स्पीडवे या ओव्हलची वळणं ३१ अंशांनी कललेली आहेत. पायी वर चढायचं म्हटलं तर हात टेकावे लागतील इतका तो उतार आहे. वळणाची त्रिज्या सुमारे १,००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. हिशेब मांडला तर ताशी साधारण १५० किलोमीटर वेगाला या वळणात टायरला आडवा जोर लावावाच लागत नाही, रस्त्याचा कलच गाडीला वळवतो. त्याहून हळू गेलात तर गाडी आतल्या बाजूला खाली उतरू पाहते, आणि डावं वळण घेत असताना स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं.

आता त्याच वळणात ताशी २०० किलोमीटरने जा. सीटमध्ये तुम्हाला बाजूला ढकलणारा जोर स्वतःच्या वजनाच्या सदतीस टक्क्यांच्या आसपास जाणवतो. गावाबाहेरच्या एखाद्या वळणदार रस्त्यावर जाणवतो तेवढाच. सपाट रस्त्यावर हेच वळण याच वेगाने घ्यायचं असतं तर तो जोर अख्ख्या वजनाएवढा झाला असता, आणि साध्या टायरची गाडी बहुधा रस्त्यावर टिकलीच नसती. मग उरलेला जोर गेला कुठे? तो खाली गेला. रस्त्याने गाडीला खालून दाबलं. १,६०० किलो वजनाची गाडी त्या वळणात २,२०० किलोंहून जड झालेली असते, जणू आठ धिप्पाड माणसं एकदम आत येऊन बसली आहेत.

ओव्हलवरची बहुतेक फसगत इथून सुरू होते. कल सुख देतो आणि भार लपवतो. शरीराला सगळं आरामात चाललंय असं वाटत असताना टायर, स्प्रिंग आणि चाकाचे बेअरिंग राबत असतात. पुढची सगळी तयारी हा लपलेला भार डोळ्यांसमोर ठेवून करायची आहे.

कुठला ओव्हल, कुठला दिवस

हौशी चालकांच्या या दिवसांना अमेरिकेत एचपीडीई म्हणतात, म्हणजे वेगात गाडी चालवायला शिकण्याचा दिवस. ही शर्यत नव्हे. बक्षीस नसतं, क्रमांक नसतो, नवख्यांच्या गटात वेळही मोजत नाहीत. नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनसारख्या संस्थेत एकपासून चारपर्यंत पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीवर शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसतो. ओव्हलवर पहिल्यांदा जाताना इन्स्ट्रक्टर देणाराच दिवस निवडा, मग बाकीच्या सर्किटवर तुमचे दहा दिवस झालेले असले तरी. सपाट सर्किटवर पक्क्या झालेल्या काही सवयी इथे उलट्या पडतात.

नोंदणी करण्यापूर्वी आयोजकांना विचारा: त्या दिवशी पूर्ण ओव्हल चालवायला मिळणार, की रोव्हल? रोव्हल म्हणजे ओव्हलचा काही भाग आणि आतल्या मैदानातला, म्हणजे इनफिल्डमधला, वळणावळणाचा रस्ता जोडून केलेला मार्ग. मोठ्या ओव्हलवरचे बरेच हौशी दिवस रोव्हलवरच होतात. डेटोनाचा असा मार्ग ३.५६ मैलांचा आहे आणि २४ तासांची प्रसिद्ध शर्यतही त्यावरच होते. शार्लटच्या रोव्हलवर २०१८ पासून नॅसकारनेही, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या मोटार शर्यतींच्या संस्थेने, शर्यती घेतल्या. नुसत्या ओव्हलपेक्षा रोव्हल नवख्याला बरा, असं माझं ठाम मत आहे. तिथे ब्रेक, गिअर, नजर, सगळ्याचा सराव होतो आणि टायरला मधूनमधून उसंत मिळते.

सगळे ओव्हल सारखे नसतात, आणि हा फरक कागदावर आधी पाहून ठेवला तर फार कामाला येतो. टॅलाडेगा ३३ अंशांचा, शार्लट २४ अंशांचा. इंडियानापोलिस मात्र जेमतेम ९ अंशांचा. तिथे कलाची पूर्ण मदत ताशी ७० किलोमीटरच्या आसपासच संपते आणि पुढचं सगळं टायरच्या पकडीवर असतं. दिसायला सौम्य असलेला असा सपाट ओव्हल चुकीला कमी माफ करतो. पोकोनोला तीनच वळणं आहेत आणि तिन्ही वेगळी: पहिलं १४ अंशांचं, तिसरं फक्त ६. मार्टिन्सव्हिल अर्ध्या मैलाच्या थोडं वर, सरळ भाग डांबरी आणि वळणं काँक्रीटची. पृष्ठभाग बदलला की पकड बदलते, आणि तो बदल नेमका वळणाच्या तोंडाशी येतो.

टायर: निम्मी तयारी इथेच

१९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शर्यत झाली. एरवीच्या २० गाड्यांऐवजी त्यात फक्त ६ गाड्या धावल्या. फॉर्म्युला वनचा मार्ग तिथल्या ओव्हलचं एक तिरपं वळण वापरायचा. शुक्रवारच्या सरावात त्या वळणावर राल्फ शूमाखरच्या गाडीचा मिशेलिन टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. हे टायर त्या वळणाचा भार पूर्ण शर्यतभर सोसतील याची खात्री देता येईना. म्हणून मिशेलिनवाल्या सगळ्या १४ गाड्या शर्यतीआधीचा संथ फेरा (फॉर्मेशन लॅप) करून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत, परतल्या. ही जगातल्या सर्वांत तयारीच्या संघांची गत, आणि तीही फक्त ९ अंशांच्या वळणावर. घरून चालवत आणलेल्या गाडीच्या टायरकडे याच गांभीर्याने पाहा.

आधी वय. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांपुढे कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं झालं की आतली बांधणी कमजोर होते. सहा वर्षांच्या पुढचा टायर मी तिरप्या वळणावर नेत नाही. पंक्चर काढलेला टायरही नेत नाही, पंक्चर कितीही नीट काढलेलं असो.

मग वेगाचं अक्षर. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. ही मर्यादा सपाट रस्त्याची आणि ठरलेल्या भाराची असते. गाडी सरळ पट्ट्यावर २०० गाठत असेल तर एच पुरेल असं वाटतं, पण वळणातला तो वाढीव भार लक्षात घेतला तर किमान एक पायरी वरचा टायर हवा.

आणि हवा. सपाट सर्किटवर जाणारी मंडळी सकाळी टायरमधली हवा थोडी कमी करतात, कारण गरम झाल्यावर ती वाढते. साधारण दर साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप). तिरप्या ओव्हलवर हे करू नका. कमी हवेचा टायर भाराखाली चेपतो, त्याची कड प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि सरळ होते, त्यातून उष्णता साठत जाते, आणि ती आत साठत असल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. गाडीच्या पुस्तिकेत बहुधा हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीचा किंवा सतत वेगाचा. दिवसाची सुरुवात दुसऱ्या आकड्याने करा. वळणात ती आठ माणसं गाडीत बसणारच आहेत, आणि तो आकडा नेमका त्यांच्यासाठी छापलेला आहे. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही.

ओव्हल घड्याळाच्या उलट दिशेने चालवतात, म्हणजे वळणं डावी आणि भार उजवीकडे. सर्वांत जास्त सोसतो तो उजवा पुढचा टायर. प्रत्येक सेशननंतर, म्हणजे ट्रॅकवरच्या प्रत्येक पाळीनंतर, पिटमध्ये येताच चारही चाकांची हवा मोजा आणि वहीत लिहा. उजव्या बाजूचा आकडा डावीपेक्षा जास्त वाढलेला दिसेल, तो तसा दिसायलाच हवा. वाढलेली हवा पाहून लगेच सोडून देण्याचा मोह होतो. गरम टायरमधून सोडलेली हवा टायर गार झाल्यावर कमी पडते, आणि पुढचं सेशन दीड तासाने असेल तर तुम्ही कमी हवेनेच वळणात शिरता. गाडी फारच घसरते आहे असं वाटलं तर इन्स्ट्रक्टरशी बोलून एखादा पीएसआय कमी करा, पण पुढच्या सेशनपूर्वी पुन्हा मोजूनच.

उजव्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा, म्हणजे नक्षी आणि कड मिळतात तो भाग, प्रत्येक वेळी हाताने चाचपा. फोड, चीर, सुटू लागलेलं रबर, काहीही लागलं तरी तो दिवस तिथे संपला.

बाकीची गाडी

वाढलेल्या भाराने स्प्रिंग दबतात. गाडी खाली केलेली असेल किंवा मोठी चाकं लावलेली असतील तर टायर वळणात मडगार्डच्या आतल्या बाजूला घासू शकतो. रस्त्यावर कधीच न घासलेली गाडीसुद्धा इथे घासते. आतल्या प्लास्टिकवर चमकदार घासल्याची खूण शोधा. अशी खूण असेल तर ओव्हलचा नाद तूर्त सोडा. चाकाचे बेअरिंग तपासायला गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, मग फिरवून आवाज ऐका.

ऑइल वरच्या रेषेपर्यंत हवं. डेटोनाचं एक वळण ताशी २०० किलोमीटरला १६-१७ सेकंद चालतं, आणि तेवढा वेळ इंजिनमधलं ऑइल एकाच बाजूला सरकलेलं असतं. तीव्र कलाच्या वळणात हा त्रास तसा कमी, कारण खालचा दाबही त्याच्या जोडीला असतो. खरी भीती सपाट ओव्हलवर आणि चिकट टायर लावलेल्या गाडीत. ऑइलच्या दाबाचा दिवा वळणात क्षणभर जरी लुकलुकला तरी वेग सोडा आणि पिटमध्ये या. पेट्रोलचंही तेच. टाकी निम्म्याच्या खाली गेली की डाव्या वळणात इंजिन मध्येच धाप टाकतं, आणि ओव्हलवर समोरची गाडी अशी अचानक मंदावणं मागच्यासाठी वाईट.

ब्रेक फ्लुइड ताजं हवं. नव्या डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषून घेतल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असावेत. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यानुसार घट्ट करा आणि दुपारी पुन्हा तपासा. गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढा, चालकाच्या पायाखालची मॅटसुद्धा. पुढच्या काचा उघड्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे १५० च्या पुढे आत वावटळ उठते आणि राहिलेला साधा कागदही डोळ्यांसमोर येतो.

स्टॅबिलिटी कंट्रोल चालूच ठेवा. उंच बांध्याच्या एसयूव्ही बहुतेक आयोजक घेतच नाहीत, आणि उघड्या टपाच्या गाडीला रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान, लागतो. बसलेल्या चालकाचं हेल्मेट रोलबारच्या रेषेखाली आहे की नाही, ते काठी आडवी धरून तपासतात.

शर्यतीच्या ओव्हल गाड्यांची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी जुळवलेली असते. चाकांचा घेर वेगळा, कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल वेगळा. ते वाचून स्वतःच्या गाडीचं अलाइनमेंट बदलू नका. तुम्हाला याच गाडीने घरी जायचं आहे.

हेल्मेट, करार, विमा

हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए प्रमाणपत्राचं घ्या, २०२० चं किंवा त्यानंतरचं. मोटरसायकलच्या एम प्रमाणपत्रात आगीची चाचणी नसते. एसए हेल्मेटला मान आवरणाऱ्या पट्ट्यांचे खिळेही बसवता येतात. या पट्ट्यांचं, म्हणजे हॅन्सचं, महत्त्व ओव्हलनेच जगाला शिकवलं: फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या वळणावर नॅसकारचा दिग्गज चालक डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळून मरण पावला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने मानेचं संरक्षण सक्तीचं केलं. मात्र साध्या तीन-बिंदू बेल्टवर नेहमीचं हॅन्स चालत नाही. त्यासाठी हार्नेस, म्हणजे शर्यतीचा अनेक पट्ट्यांचा बेल्ट, लागतो, आणि हार्नेससाठी योग्य सीट व रोलबार. हे अर्धवट करू नका. पूर्ण संच नसेल तर कंपनीचा बेल्ट आणि एअरबॅग हीच जोडी बरी.

गाडीचा नेहमीचा विमा अशा दिवसाला बहुधा लागू नसतो. पॉलिसीतला अपवादांचा भाग स्वतः वाचा. एका दिवसापुरता वेगळा विमा मिळतो. ओव्हलवर मी त्याशिवाय जात नाही, कारण इथे चूक झाली तर समोर वाळू किंवा गवत नसतं, भिंत असते. करारावर सही करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट शोधा: भिंतीचं किंवा कुंपणाचं नुकसान झालं तर खर्च कोणाचा? बऱ्याच ठिकाणी तो चालकाकडून घेतात.

सकाळ

मोठ्या ओव्हलमध्ये पॅडॉक, म्हणजे गाड्या लावायची आणि तयार करायची जागा, आत असतं आणि तिथे जायची वाट ट्रॅकच्या खालच्या बोगद्यातून किंवा ट्रॅक ओलांडूनच असते. ओलांडायचं फाटक ट्रॅक सुरू झाला की बंद. उशीर झाला तर तुम्ही बाहेर उभे आणि चालकांची बैठक आत सुरू. ट्रेलर आणत असाल तर बोगद्याची उंची आदल्या आठवड्यातच विचारून घ्या.

बैठकीत हे प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. पुढे जाऊ देण्याची खूण कोणत्या हाताने आणि कोणत्या बाजूला? पिटमध्ये यायची वाट वळणाच्या आधी सुटते की नंतर? गाडी बिघडली तर एप्रनवर, म्हणजे वळणाच्या तळाच्या सपाट पट्टीवर, उतरायचं की भिंतीच्या कडेने थांबायचं? पांढऱ्या झेंड्याचा अर्थ इथे काय? अमेरिकेतल्या शर्यतींत तो शेवटचा फेरा दाखवतो, पण हौशी दिवसांत अनेकदा ट्रॅकवर मंद किंवा मदतीची गाडी असल्याची सूचना असते. ओव्हलवर झेंड्यांच्या जोडीला कुंपणावर दिवेही असतात. ते कुठे कुठे आहेत, ते पहिल्या संथ फेऱ्यात मोजून ठेवा.

पहिलं सेशन

पहिले दोन फेरे फक्त डोळ्यांचे. तिरप्या वळणात सपाट रस्त्यासारखं समोर पाहिलं तर दिसतं जेमतेम ५० मीटर डांबर. पुढचा रस्ता काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, कधी कधी छताच्या कडेपाशी. सनवायझर पूर्ण वर करा, सीट थोडी खाली घ्या, मान किंचित पुढे काढून डावीकडे वर पाहायची सवय लावा. मला हे अंगवळणी पडायला अख्खी सकाळ लागली, आणि जमलं त्या क्षणी वळण एकदम लांबरुंद वाटू लागलं. काच आतून स्वच्छ पुसलेली हवी. ऊन तिरपं झालं की एका वळणात ते थेट डोळ्यांवर येतं.

वळणात शिरताना गाडी एकदम दबेल, पोटात गोळा आल्यासारखं होईल, आणि बाहेर पडताना ती हलकी होईल. हे दोन्ही क्षण हात शांत ठेवण्याचे. सरळ भागाचा कल आणि वळणाचा कल जिथे मिळतात तिथे गाडीचा तोल बदलतो. नेमकं तिथेच स्टिअरिंगला झटका किंवा ब्रेक नको. वेग कमी करायचा तो त्याआधी, गाडी सरळ असताना.

रेषा सोपी आहे. सरळ पट्ट्यावर बाहेरच्या बाजूने या, वळणात हळूहळू खाली उतरा, मध्यावर आतल्या पांढऱ्या किंवा पिवळ्या रेषेच्या वर एक हात अंतर ठेवून जा, बाहेर पडताना गाडीला आपसूक वर जाऊ द्या. शर्यतीतले चालक बाहेर पडताना भिंतीपासून वीतभर अंतरावरून जातात. तुम्ही पूर्ण एका गाडीची रुंदी मोकळी ठेवा, दिवसभर. आणि ती आतली रेषा ओलांडू नका. तिच्या खाली एप्रन आहे, तो जवळजवळ सपाट असतो. डावी चाकं त्यावर उतरली की त्यांच्यावरचा भार क्षणात बदलतो आणि गाडी फिरून वर भिंतीकडे जाऊ शकते.

पाय एक्सलरेटरवर स्थिर ठेवा. लांब वळणात मध्येच पाय झटकन काढला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागची बाजू बाहेर निघते. वेग जास्त झालाच तर पाय थोडा, अगदी थोडा, उचला आणि वाट पाहा. कल तुमच्या बाजूने आहे, तो वेग खाऊन टाकतो.

पुढे जाणं फक्त सरळ पट्ट्यावर, आणि फक्त समोरच्याने हाताने खूण केल्यावर. खूण तुम्ही देत असाल तर आपली रेषा धरूनच राहा, बाजूला उडी मारू नका, फक्त पाय थोडा हलका करा. सरळ पट्ट्यावर वेगांतला फरक फार असतो, आरशात ठिपका असलेली गाडी पाच सेकंदांत शेजारी येते. पट्ट्यावर बाहेर पडताच आधी आरसा, मग बाकी सगळं. दुसऱ्याच्या पाठीला चिकटून हवेचा आडोसा घेत चालणं हे टीव्हीवर छान दिसतं. इथे त्याने रेडिएटरला वारा मिळत नाही आणि समोरच्याच्या चुकीला वेळ उरत नाही. किमान पाच-सहा गाड्यांचं अंतर ठेवा.

शरीराचंही ऐका. २००१ च्या एप्रिलमध्ये टेक्सास मोटर स्पीडवेवरची कार्ट या वेगवान रेसिंग गाड्यांच्या मालिकेची शर्यत ऐन दिवशी रद्द झाली, कारण २४ अंशांच्या वळणांत बसणाऱ्या जोराने चालकांना सरावातच गरगरायला लागलं होतं. तुमचा वेग त्याच्या जवळपासही नसेल, पण दुपारी मान भरून येते आणि लक्ष पातळ होतं. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये पंधराव्या मिनिटाला थकलात तर पंधराव्या मिनिटाला आत या.

भिंत

तुमची भिंत उजवीकडे आहे. डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीत इन्स्ट्रक्टर भिंतीच्या बाजूला बसतो. त्याने सांगितलेलं निमूट ऐकायला एवढं कारण पुरेसं आहे.

२००२ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसला पहिल्यांदा सेफर भिंत बसली. काँक्रीटच्या पुढे पोलादी नळ्या आणि त्यांच्या मागे फोमचे ठोकळे. नेब्रास्का विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ती तयार केली आणि तिने अनेकांचे जीव वाचवले. पण ती सगळीकडे नसते, आणि असली तरी कोन महत्त्वाचा. भिंतीला घासत गेलेली गाडी पत्रा गमावते. नाक समोर करून गेलेली गाडी याहून कितीतरी जास्त गमावते.

नाक समोर करून जाण्याचा रस्ता बहुधा असा असतो. गाडी पुढून घसरत वर जाऊ लागते, चालक घाबरून स्टिअरिंग आणखी डावीकडे वळवतो, मग पाय उचलतो. पुढच्या टायरना अचानक पकड मिळते, गाडी झपकन डावीकडे वळते, मागची बाजू सुटते. आता चालक उजवीकडे जोरात स्टिअरिंग फिरवतो, गाडी पुन्हा पकड घेते आणि थेट उजवीकडच्या भिंतीत जाते. म्हणून पुढून घसरू लागली तर स्टिअरिंग वाढवू नका, पाय हळू सोडा. मागून सुटली आणि लगेच सावरली नाही तर वाचवण्याचा हट्ट सोडा. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि गाडीला फिरू द्या. फिरलेली गाडी आधी वर जाते आणि वेग संपला की उतारावरून खाली, येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत, घरंगळते. म्हणून थांबेपर्यंत आणि थांबल्यावरही ब्रेक सोडू नका. आग नसेल तर गाडीतच बसून राहा, बेल्ट लावलेला ठेवा. तिरप्या डांबरावर धड उभंही राहता येत नाही.

तिरप्यावरून सपाटावर

रोव्हलवरची सर्वांत अवघड जागा हीच: ओव्हलच्या वेगातून इनफिल्डच्या पहिल्या वळणात शिरणं. डेटोनाला सरळ पट्ट्यावरच्या १८ अंशांच्या कलावरून येऊन डावीकडे सपाट वळणात शिरावं लागतं, आणि ब्रेक दाबायच्या टप्प्यात पायाखालचा कल बदलत असतो. शिवाय ओव्हलच्या लांब फेऱ्यात ब्रेक गार झालेले असतात. पट्ट्याच्या मध्यावर एकदा हलका पाय ठेवून पेडल कडक आहे याची खात्री करा. मग खऱ्या ब्रेकच्या वेळी आधी ठरवलेल्या खुणेच्या ५० मीटर अलीकडे सुरुवात करा आणि पहिलं सेशन तिथेच राहा. कलावर मिळालेली पकड सपाटावर नसते. वळणात ज्या वेगाने गाडी निवांत होती, त्याच्या निम्मा वेगही इथे जास्त ठरू शकतो.

उलट दिशेनेही तेच. इनफिल्डमधून पुन्हा तिरप्यावर चढताना गाडी पूर्ण चढेपर्यंत एक्सलरेटरची घाई नको.

पाऊस

ओल्या तिरप्या वळणावर हौशी दिवस बहुधा थांबवतात, किंवा मार्ग इनफिल्डपुरता ठेवतात. पाऊस थांबून ट्रॅक सुकल्यावरही धोका उरतो. उतारात मुरलेलं पाणी डांबराच्या सांध्यांतून तासन् तास झिरपत राहतं. कोरड्या वळणात एकच ओली, काळसर रेघ दिसते. ती तुमच्या रेषेवर येत असेल तर रेषा बदला आणि त्या सेशनमध्ये वेग वाढवू नका.

दिवस संपल्यावर

शेवटचा फेरा गार होण्याचा, ब्रेक न वापरता. पॅडॉकमध्ये हँडब्रेक ओढू नका, गरम पॅड डिस्कला चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. तासभराने नट पुन्हा तपासा, ऑइल पाहा, चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेक फ्लुइड किंवा ग्रीस आलंय का ते पाहा. घरी जाताना पहिला अर्धा तास स्पीडोमीटरवर नजर ठेवा. दिवसभर २०० पाहिलेल्या डोळ्यांना १२० म्हणजे रांगणं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर पूर्ण गार असताना, हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून उजव्या पुढच्या चाकाजवळ बसा आणि टायरचा बाहेरचा खांदा पुन्हा एकदा बोटांनी चाचपा. वहीतल्या कालच्या आकड्यांशेजारी त्याची अवस्था लिहा, आणि रबर सोलवटलेलं किंवा नक्षी कडेला संपलेली असेल तर दोन्ही पुढचे टायर बदलून मगच पुढच्या दिवसाची फी भरा.